पीटीटी दाबला की एसडीआर गोठतो: आधी वाट पाहा

ट्रान्सीव्हरशेजारी यूएसबी डोंगलचा एसडीआर, म्हणजे संगणकावर चालणारा रेडिओ-ग्राहक, ठेवणाऱ्या हॅम मंडळींचं, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचं, हे दुखणं. लक्षण असं. ४० मीटरचा बँड पडद्यावर निवांत वाहतोय, ७.०७४ मेगाहर्ट्झपासून पुढे एफटी-८ च्या (संगणकाने पाठवायच्या छोट्या डिजिटल संदेशांच्या) बारीक रेघा एकामागून एक उतरताहेत. तुम्ही ट्रान्सीव्हरचा (प्रक्षेपक आणि ग्राहक एकत्र असलेल्या रेडिओचा) पीटीटी, म्हणजे प्रक्षेपणाचं बटण, दाबता. लॅपटॉप यूएसबी निघाल्याचा तो 'डुंग-टिंग' आवाज काढतो, वॉटरफॉल, म्हणजे बँडचं ते वाहतं चित्र, जागच्या जागी थिजतो आणि सॉफ्टवेअर सांगतं की उपकरण सापडत नाही. डोंगल उपटा, परत खोचा, प्रोग्राम बंद करून परत उघडा. पुढच्या कॉलला पुन्हा तेच. एफटी-८ मध्ये पाळी दर १५ सेकंदांनी बदलते, म्हणजे एक क्यूएसओ, म्हणजे एक संपर्क, पुरा होईस्तोवर तीन-चार वेळा टेबलाखाली वाकायचं.

हे मी सहा महिने सोसलं. तेवढ्यात दुसरा डोंगल, महागडी यूएसबी केबल, स्वतःचा पुरवठा असलेला हब, ड्रायव्हरची चार वेळा नव्याने प्रतिष्ठापना, एवढं सगळं करून झालं. लॅपटॉपसुद्धा बदलून पाहिला, मुलीचा. तिच्या परीक्षेच्या आठवड्यात. त्यावर घरात जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

मांडणी सांगतो, म्हणजे तुमच्याशी ताडून बघता येईल. घर नागपुरात मानेवाड्याकडे, दुमजली. गच्चीवर जीआय पाइपला ४० मीटरचा इन्व्हर्टेड व्ही, म्हणजे उलट्या 'व्ही'सारखा तारेचा अँटेना, प्रत्येक पाय साधारण १० मीटरचा. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला २ मीटर बँडचा उभा अँटेना. शॅक म्हणजे वरची खोली: एका भिंतीला टेबल, खिडकीत कूलर. १०० वॉटचा जुना एचएफ (३ ते ३० मेगाहर्ट्झ) ट्रान्सीव्हर, १३.८ व्होल्टचा पुरवठा, लॅपटॉप आणि आरटीएल-एसडीआर व्ही-३ जातीचा डोंगल. ट्रान्सीव्हर जुना असल्याने त्याला स्वतःचा बँडस्कोप नाही. नुसत्या डायलवरून बँड बघणं म्हणजे दाराच्या फटीतून वरात बघणं. डोंगल लावला की ७००० ते ७२०० किलोहर्ट्झ हा आपला सबंध पट्टा एका नजरेत येतो. एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

या डोंगलचं मूळही लक्षात असू द्या, पुढे कामाला येईल. त्यातली आरटीएल-२८३२यू चिप डिजिटल टीव्ही बघण्यासाठी बनली. तिच्यातून कच्चे नमुने थेट बाहेर काढता येतात हे २०१२ साली हौशी मंडळींनी जगासमोर आणलं आणि टीव्हीचा डोंगल रेडिओ झाला. म्हणजे शेजारी १०० वॉटचा प्रक्षेपक नांदवण्याची कल्पना तो घडवताना कुणाच्या डोक्यात नव्हती.

काका आणि वाट

आमच्याकडे रविवारी सकाळी एक काका चहाला येतात. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त, व्हॉल्व्हच्या काळापासूनचे हॅम. मी गाऱ्हाणं मांडलं. त्यांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "डोंगलले काहून शिव्या देऊन राहिला बे? आधी वाट पाय."

मला वाटलं, थोडं थांब म्हणताहेत, नवीन ड्रायव्हर-बिव्हर येईल. पुढच्या रविवारी त्यांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, "वाट पाहून राहिलो ना, काका."

"अबे, थांब नाही म्हटलं तुले! वाट पाय म्हटलं. आरएफ कोणत्या वाटेनं घुसून राहिलं, ते पाय."

आरएफ म्हणजे आपल्याच प्रक्षेपकाची रेडिओ-ऊर्जा, तिला शिरायला वाटा तीन. पहिली सरळ आहे: डोंगलच्या अँटेना सॉकेटमधून, कोॲक्सच्या (मध्ये तार, भोवती जाळी अशा अँटेनाच्या केबलच्या) पोटातून. दुसरी कोॲक्सच्या जाळीच्या बाहेरच्या अंगावरून. ही पटायला मला वेळ लागला, कारण जाळी म्हणजे 'अर्थ' हे डोक्यात पक्कं बसलेलं. रेडिओ वारंवारितेला प्रवाह धातूच्या कातडीतूनच वाहतो, त्यामुळे जाळीची आतली बाजू आणि बाहेरची बाजू हे दोन वेगळे वाहक असल्यासारखे वागतात. आतल्या बाजूने तुमचा सिग्नल शहाण्यासारखा जातो. बाहेरच्या बाजूवर काय चाललंय याची आतल्याला खबर नसते. तिसरी वाट यूएसबी केबलची आणि चार्जरच्या वायरीची: हवेतलं आरएफ त्यांच्यावर थेट चढतं.

तीन वाटांची लक्षणं वेगवेगळी, उपायही वेगळे. मी सहा महिने पहिल्या वाटेवर पहारा देत होतो आणि चोर दुसऱ्या वाटेने येत होता.

डमी लोडची परीक्षा

या परीक्षेला अर्धा तास लागतो आणि पैसा लागत नाही, फक्त डमी लोड हवा, म्हणजे अँटेनाऐवजी लावायचा, सगळी पॉवर उष्णतेत जिरवणारा रोध. नसेल तर मित्राकडून आणा.

आधी ट्रान्सीव्हर डमी लोडवर घ्या. एसडीआर नेहमीसारखा चालू, पण त्याचा अँटेना काढलेला. १०० वॉट टाका. इथेच गोठला तर गडबड खोलीतल्या खोलीत आहे: पुरवठ्याच्या वायरी, सैल कनेक्टर, डमी लोडपर्यंतची गळकी केबल. माझ्याकडे काहीच झालं नाही. वॉटरफॉल मजेत वाहत राहिला.

मग ट्रान्सीव्हर खऱ्या अँटेनावर, एसडीआरचं सॉकेट अजून रिकामंच. पीटीटी दाबला. डुंग-टिंग.

त्या क्षणी मी खरोखर खुर्चीत मागे टेकलो. सॉकेटला काहीही लावलेलं नसताना डोंगल पडतोय, म्हणजे लिमिटर, ॲटेन्युएटर, फिल्टर या सॉकेटवरच्या पहारेकऱ्यांवर केलेला सगळा खर्च निदान या दुखण्यासाठी तरी वाया. आरएफ अँटेनावरून परत घरात येत होतं आणि यूएसबीवर चढत होतं.

आणखी एक काम तेव्हाच करा. पॉवर ५ वॉटवर आणून हळूहळू वाढवत न्या आणि कितव्या वॉटला गोठतो तो आकडा वहीत लिहा. माझा आकडा ३० होता. हा आकडा म्हणजे तापमापक. पुढचा प्रत्येक उपाय केल्यावर तो किती सरकला ते बघायचं. आकडा नसेल तर 'जरा बरं वाटतंय' आणि 'जरा बरं वाटत नाहीये' यांत महिने जातात. माझे गेले. शिवाय बँडप्रमाणे आकडा वेगळा येतो, म्हणून ४०, २० आणि १५ मीटरला तो स्वतंत्र लिहा.

एक खूण आधीपासून डोळ्यांसमोर होती. पीटीटी दाबला की टचपॅडवरचा बाण आपोआप कोपऱ्यात पळायचा. मी त्याला लॅपटॉपचं म्हातारपण समजत होतो.

तिसरा पाय

माझा इन्व्हर्टेड व्ही कोॲक्सला सरळ जोडलेला होता, मध्ये बॅलन (जाळीच्या बाहेरून वाहणारा प्रवाह अडवणारा तुकडा) नाही. एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती पॉवर परत फिरते त्याचं माप, १.३, मग बॅलन कशाला, असा माझा हिशेब. एसडब्ल्यूआर मीटर कोॲक्सच्या पोटातलं सांगतो. बाहेरच्या अंगावरून किती वाहतंय ते त्याला दिसत नाही. एक पाय आतल्या तारेला, दुसरा जाळीला. जाळीला जोडलेला पाय आणि जाळीचं बाहेरचं अंग यांच्यात प्रवाह वाटला जातो. थोडक्यात दोन पायांच्या अँटेनाला मी तिसरा पाय दिला होता, आणि तो पाय भिंतीवरून उतरून खिडकीतून थेट माझ्या टेबलावर आला होता. तिथून ट्रान्सीव्हरच्या सांगाड्यावर, तिथून एसडीआरच्या छोट्या कोॲक्सच्या जाळीवर, मग डोंगलची धातूची डबी, यूएसबीचं आवरण, लॅपटॉप, चार्जर आणि घरातली वायरिंग. या वाटेत सगळ्यांत हळवा प्राणी यूएसबी.

उपाय जुनाच, चोक बॅलन. एफटी-२४०-३१ हे फेराइटचं कडं, म्हणजे २.४ इंच बाहेरचा व्यास आणि ३१ क्रमांकाचं मिश्रण. त्यावर आरजी-५८ चे १२ वेढे, आणि हा चोक जिथे कोॲक्स अँटेनाला मिळते तिथेच. ७ मेगाहर्ट्झला बाहेरच्या प्रवाहापुढे काही हजार ओहमचा अडसर उभा राहतो. आतल्या सिग्नलला त्याची गंधवार्ता नसते. कडं घेताना मिश्रण विचारून घ्या. दुकानात 'फेराइट आहे' एवढ्यावर भागवतात, आणि पिवळं-पांढरं रंगवलेलं लोखंडी भुकटीचं कडं हातात पडतं. ते पॉवर सप्लायच्या कामाचं, आपल्या नाही. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) मी दोन दुकानांतून अशी कडी आणली होती, ती अजून पेपरवेट आहेत.

हे काम मी मे महिन्यात केलं, सकाळी सहाला. नऊनंतर आमच्या गच्चीवरच्या पाइपाला हात लावला तर पाच बोटांचे ठसे पाइपावर नाही, बोटांवर उमटतात. चोक पीव्हीसीच्या जंक्शन बॉक्समध्ये बसवला, जोडांवर स्वतःशीच चिकटणारी रबरी पट्टी ताणून गुंडाळली आणि बॉक्सच्या तळाला एक बारीक भोक ठेवलं. भोक कशाला म्हणाल, तर पावसाळ्यात आत दमट हवा गारठून पाणी साचतं, त्याला निघायला जागा हवी. सगळीकडून हवाबंद केलेला माझा आधीचा बॉक्स ऑगस्टात उघडला तेव्हा त्यात वाटीभर पाणी होतं.

खाली आलो, पॉवर चढवली. ३० चा आकडा ६० वर गेला.

उरलेलं काम यूएसबी केबलवर. जुन्या मॉनिटरच्या केबलवरचा तो फुगीर मणी काढून मी आधीच डोंगलच्या केबलवर चढवला होता, आणि 'फेराइटने काही होत नाही' असं जाहीरही करून बसलो होतो. तसे मणी बहुधा वरच्या वारंवारितांसाठी असतात आणि केबल त्यातून एकदाच जाते. ७ मेगाहर्ट्झला एका फेरीत मिळणारा अडसर अगदीच नगण्य. पण वेढ्यांचा हिशेब वर्गाने वाढतो: दोन वेढे चौपट, पाच वेढे पंचवीसपट. म्हणून पाच मणी ओळीने लावण्यापेक्षा एका मोठ्या कड्यातून पाच वेढे घ्यावेत. तेच ३१ क्रमांकाचं कडं, त्यातून यूएसबीचं टोक सहज जातं. मी सहा वेढे घेतले, डोंगलच्या अगदी जवळ. डेटाचं काय होईल, ही भीती नको. डेटाच्या दोन तारांत प्रवाह एकमेकांच्या उलट दिशेने वाहतो, कड्यात तो एकमेकांना खोडतो. कडं फक्त दोघांवर मिळून चढलेल्या उपऱ्या प्रवाहाला अडवतं. केबल मात्र आखूड घ्या. वेढ्यांत जाईल तेवढी धरून एक मीटर पुरे. माझी आधीची तीन मीटरची 'सोयीची' केबल टेबलाखाली गुंडाळी करून पडलेली असायची, म्हणजे आयता अँटेनाच.

चार्जरच्या वायरीलाही पाच वेढे दिले. आकडा १०० च्या पार गेला. त्या दिवसापासून ४० आणि २० मीटरला डुंग-टिंग ऐकलेलं नाही.

मधल्या एका मूर्खपणाची नोंद करून ठेवतो. शेजारच्या भाऊंनी सांगितलं, 'उन्हाळ्यात अर्थिंग सुकते, पाणी घालत जा.' खरं आहे, आमची काळी माती एप्रिलपासून भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. घराच्या सुरक्षेसाठी पाणी घालायलाच हवं. मी पंधरा दिवस रोज बादलीभर घातलं, मीठसुद्धा. गोठण्याचा आकडा ३० चा ३१ झाला नाही. वरच्या मजल्यावरून खड्ड्यापर्यंत जाणारी ती लांबलचक वायर ७ मेगाहर्ट्झच्या दृष्टीने अर्थ उरतच नाही, ती आणखी एक तार होते. त्याऐवजी ट्रान्सीव्हर, पुरवठा, रिलेची डबी (तिच्याबद्दल पुढे) आणि डोंगलची डबी टेबलामागच्या तांब्याच्या एका पट्टीला आखूड जाड जाळीने बांधली. अर्थिंगची वायर त्याच पट्टीला. आणि कृपा करून तीन पिनांतली अर्थची पिन काढून बघू नका, 'हम (गुणगुण) जातो' म्हणून कुणी कितीही सांगो.

गोठणं वेगळं, बहिरेपण वेगळं

मी घेतलेल्या दोन डोंगलपैकी एक गोठला नव्हता, बहिरा झाला होता. फरक ओळखायला सोपा आहे. एचएफवर अँटेना लावली की वॉटरफॉलची तळरेघ उचलली गेली पाहिजे, कारण बँडचा स्वतःचा गोंगाट डोंगलच्या गोंगाटापेक्षा जास्त असतो. अँटेना लावा-काढा आणि रेघ ढिम्म हलत नसेल, शिवाय दुसऱ्या डोंगलवर ऐकू येणारं स्टेशन यावर येत नसेल, तर पुढचा दरवाजा जळालाय. हे मात्र पहिल्या वाटेचं दुखणं.

हिशेब मांडा. १०० वॉट म्हणजे ५० डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली पॉवर). डोंगलची सोसण्याची मर्यादा साधारण १० डीबीएम, म्हणजे १० मिलिवॉट, धरतात. ट्रान्सीव्हर आणि एसडीआर एकाच अँटेनावर ठेवायचे तर दोघांमध्ये रिले (विजेने चालणारा स्विच) हवाच. पण एक साधा रिले उघडा असतानाही संपर्कांच्या मधून थोडं गळतं. ४० डेसिबलचा आडोसा मिळाला असं धरलं तर ५० वजा ४०, बरोबर १० डीबीएम. काठावर. म्हणून दोन रिले: पहिला अँटेना तोडतो, दुसरा प्रक्षेपणाच्या वेळी एसडीआरचं टोक जमिनीला टेकवतो.

जोडताना एक पथ्य पाळा. रिलेला वीज नसेल तेव्हा एसडीआर अँटेनापासून तुटलेला आणि अर्थला टेकलेला असला पाहिजे. मी उलट जोडलं होतं. एका दुपारी वीज गेली, इन्व्हर्टरवर ट्रान्सीव्हर चालू राहिला, रिलेच्या डबीचा ॲडॉप्टर मात्र दुसऱ्या बोर्डावर होता. पुढचं सांगायला नको, पहिला डोंगल त्याच दुपारी गेला. आता रिलेला त्याच १३.८ व्होल्टच्या पुरवठ्यावरून वीज आहे.

ट्रान्सीव्हरच्या मागच्या सॉकेटमधली लिनिअर (पॉवर वाढवणारा ॲम्प्लिफायर) चालवायची ओळ रिलेला थेट जोडू नका. तिची सोसायची मर्यादा माहितीपुस्तिकेत बघा, मध्ये ट्रान्झिस्टर घाला आणि कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा लावा. रिले सरकायला साधारण दहा मिलिसेकंद लागू शकतात. एफटी-८ साठी डब्ल्यूएसजेटी-एक्स हे सॉफ्टवेअर मुळातच ०.२ सेकंदांचा विलंब ठेवतं, तिथे चिंता नाही. मोर्समध्ये पूर्ण ब्रेक-इन (ठोक्यांच्या मधेही ऐकणं) वापरत असाल तर आहे. डोंगलचा बायस-टी (अँटेनाच्या केबलमधून वीज पाठवायची सोय) चालू असेल आणि रिलेने टोक अर्थला टेकवलं तर तो पुरवठा शॉर्ट होतो, म्हणून तो बंद ठेवा.

'माझा एसडीआर वेगळ्या अँटेनावर आहे, मला रिले नको', असं बरेच जण म्हणतात. २ मीटरवर ५० वॉट, म्हणजे ४७ डीबीएम. दोन अँटेना ५ मीटर अंतरावर असतील तर १४५ मेगाहर्ट्झला मोकळ्या हवेतली घट जेमतेम ३० डेसिबल. उरले १७ डीबीएम, अँटेनांचा लाभ न धरता. वेगळा अँटेना असूनही डोंगल मरतो तो असा.

रात्रीचे पाहुणे

बहिरेपण टाळायला मी आधी स्वस्त तोडगा केला होता: डोंगलच्या तोंडाशी १एन४१४८ चे दोन डायोड उलटसुलट. ०.७ व्होल्टच्या वर ते वाहू लागतात, ५० ओहमला म्हणजे ५ मिलिवॉट. सुरक्षित. पण आठवडाभरात नवीच तक्रार सुरू झाली. दिवे लागणीनंतर ४० मीटरवर भलत्या ठिकाणी गाणी आणि भाषणं. ट्रान्सीव्हरवर त्याच वारंवारितेला शुकशुकाट.

डायोड अर्ध्या व्होल्टलाही थोडे वाकतातच, आणि वाकले की मिक्सर बनतात. काकांचा जुना ऑसिलोस्कोप अँटेनाच्या तारेवर लावला, तर त्यावर जी जाड लाट झुलत होती ती आमच्या आकाशवाणी नागपूरची, ५८५ किलोहर्ट्झची. दिवसाही तीच. संध्याकाळी तिच्या जोडीला ७२०० किलोहर्ट्झच्या वरची परदेशी शॉर्टवेव्ह केंद्रं भरात येतात. हे सगळे एकत्र डायोडमध्ये घुसले की त्यांची पिल्लं आपल्या बँडमध्ये दिसतात. यात केंद्रांचा काही दोष नाही, आपलं काम ती चोख करतात. दार सताड उघडं माझं होतं. डोंगलची ८ बिटांची झेप, म्हणजे सर्वांत बारीक आणि सर्वांत दांडग्या सिग्नलमधलं अंतर, तशीही ५० डेसिबलच्या आसपासच. एक दांडगा सिग्नल आत आला की बारक्यांना जागा उरत नाही.

खरा सिग्नल आणि पिल्लू यांतला फरक ओळखायची युक्ती मला फार आवडते. एसडीआरच्या आधी १० डेसिबलचा ॲटेन्युएटर लावा. सिग्नल १० ने उतरला तर खरा. २० किंवा ३० ने उतरला, किंवा पार गायब झाला, तर तो तुमच्याच घरात जन्मला आहे.

उपाय म्हणून ३ मेगाहर्ट्झच्या खालचं सगळं अडवणारा फिल्टर लावला, आणि क्रम बदलला: आधी फिल्टर, मग डायोड, मग डोंगल. दोन रिले बसल्यावर डायोडही काढून टाकले. पिल्लं गेली.

एक पाहुणा मात्र फिल्टरला दाद देत नाही, आणि तो दिवसा येतो. व्ही-३ एचएफवर थेट नमुने घेतो तेव्हा घड्याळ २८.८ मेगाहर्ट्झचं असतं, आणि १४.४ च्या वरचं सगळं आरशातल्यासारखं खाली दुमडतं. २८.८ मधून ७.१ वजा करा: २१.७. म्हणजे १३ मीटरच्या शॉर्टवेव्ह पट्ट्यातलं केंद्र तुमच्या ७.१ वर बसलेलं दिसतं. ट्रान्सीव्हर २१.७ वर फिरवून तेच गाणं ऐकू आलं की खात्री. त्याला वरून कापणारा लो-पास फिल्टर हवा.

काकांनी या सगळ्याला बगल दिली आहे. त्यांच्या ट्रान्सीव्हरची पहिली आयएफ (रेडिओच्या आत बदलून घेतलेली मधली वारंवारिता) ६८.३३ मेगाहर्ट्झ, तिथे छोटा बफर घालून त्यांनी डोंगलला वायर काढली. डोंगल त्या वारंवारितेला ट्यूनरवरूनच ऐकतो, रेडिओचे स्वतःचे बँडपास फिल्टर आणि प्रक्षेपणाच्या वेळचं संरक्षण फुकटात. पडदा तेवढा उलटा दिसतो, वरची वारंवारिता खाली. सॉफ्टवेअरमध्ये आय आणि क्यू या नमुन्यांच्या दोन धारांची अदलाबदल केली की सरळ. माझी हिंमत रेडिओ उघडायची नाही. ज्यांची आहे त्यांनी हाच मार्ग धरावा असं माझं मत.

आणि कूलर

मार्चपासून एसडीआरवर भरभर असा आवाज चढायचा. तो सेकंदाला १०० ठोक्यांचा, म्हणजे ५० हर्ट्झच्या विजेचा नातेवाईक. मी अर्थातच कूलरवर आळ घेतला. "अहो, तुमचा रेडिओ बंद करा. कूलर बंद होणार नाही," असा निकाल लागला. दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना एकेक बटण बंद करत गेलो. कूलर निर्दोष सुटला, त्याचा वेग साध्या फिरत्या स्विचचा. गुन्हेगार निघाला छताच्या पंख्याचा गुळगुळीत फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, जो कूलरबरोबर नेहमी चालू असतो. त्याच्या जागी पायऱ्यांचा, कपॅसिटरवाला रेग्युलेटर लावला, भरभर बंद. कूलरची क्षमा मागायची राहून गेली आहे.

सध्याची स्थिती: ४० आणि २० मीटरला १०० वॉट निर्धास्त. १५ मीटरला ८० वॉटच्या पुढे आठवड्यातून एखादेवेळी अजून गोठतो. त्या बँडला यूएसबी केबलच नेमक्या लांबीची पडतेय की टेबलाखालची नेटवर्कची वायर, हे ठरलेलं नाही. काल रात्री नेटवर्कची वायर काढून आकडा घेतला: ८० चा ९५. कडं एकच शिल्लक आहे, रविवारी काका आले की त्यावर नेटवर्कच्या वायरीचे वेढे घेणार.